आतल्या बाजूचं फ्लॅनेल

उजव्या मांडीवर पाच मस होते, एक न भरलेली जखम होती, आणि या सगळ्यांना पोटात घेणारा काळपट, खरखरीत कातडीचा एक पट्टा होता. डॉक्टरीणबाईंनी मस मोठ्याने मोजले, जखमेला पट्टी लावली आणि निळ्या पेनाने त्या पट्ट्याची कड आखायला घेतली. कारखान्यात लेथ चालवणारा टर्नर पंख्याकडे बघत पडून राहिला. केसाएवढा फरक बोटांनी ओळखणारा माणूस, पण स्वतःचंच माप घेतलं जातंय म्हटल्यावर कानापर्यंत लाल झाला होता.

खाटेच्या पायथ्याशी त्याची बायको उभी होती. दोन वर्षं त्याने तिला ‘अगं, घामोळं आहे’ म्हणून झुलवलं होतं. आज पहिल्यांदाच तिने ते उजेडात पाहिलं. पेन सरळ खाली आलं, गोल वळलं आणि पुन्हा सरळ वर गेलं. ती गोलाई तिने अंधारातसुद्धा ओळखली असती. तिच्याच कात्रीची होती ती.

“तुकडा तपासून आला,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “कॅन्सर आहे. कातडीचा. काढता येईल. पण आधी मला सांगा, खिशात ठेवता काय तुम्ही?”

“चिंधी,” टर्नर म्हणाला. “तेलाचे हात पुसायला. लेथवर चिंधीशिवाय पान हलत नाही.”

“तेल कुठलं?”

“मशीनचंच. कापताना धार सोडतो ना, ते. चांगलं असतं हो. थंडीत आम्ही हातांना चोळतो.”

“पुरतं शुद्ध केलेलं असतं, तर मी एवढं विचारलं नसतं. पूर्वी अर्धकच्ची तेलं यायची आणि मशीनमध्ये तीच तापून तापून फिरायची. हाताला लागलं, साबणाने गेलं, तर निभावतं एक वेळ. पण हे रोज एकाच जागी, कातडीला चिकटून? पँटचं कापड बाहेरून ओलं कसं झालं नाही?”

टर्नरने पुन्हा पंख्याकडे पाहिलं. तो कधीच बायकोचं नाव घेणार नव्हता.

“मी होऊ दिलं नाही,” त्याची बायको म्हणाली.

मग तिने सांगितलं. घरी शिवणाचं मशीन होतं तिचं. लग्नानंतर नवऱ्याच्या पँटीवर मांडीपाशी तेलाचा ताटाएवढा डाग पडायचा. बसमध्ये शेजारचा माणूस उठून उभा राहायचा. तिचा जीव तुटायचा. म्हणून तिने खिसा नव्याने बेतला, खाली गोल. बाहेरच्या बाजूला जाड कापडाचे दोन पदर, मध्ये रेक्झिनची पट्टी. आतल्या बाजूला मऊ फ्लॅनेल, चिंधी मांडीला खुपू नये म्हणून. त्या दिवसापासून पँटीवर थेंब दिसला नाही; तेल सगळं आतलं फ्लॅनेल पीत होतं.

“चोवीस वर्षं,” टर्नर म्हणाला. त्याच्या आवाजात अजून थोडा अभिमान होता. “सगळं खातं जळायचं माझ्यावर.”

तिने त्याच्याकडे पाहिलं आणि ती बोटांवर काहीतरी मोजायला लागली.

“काय झालं?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“खात्यातले सगळे आले होते माझ्याकडे,” ती म्हणाली. “अकरा जण. मला खिसेवहिनी म्हणतात ते. सगळ्यांना शिवून दिलाय मी. अजून शिवते.”

टर्नर उठून बसला.

त्याच्या मांडीचा तो पट्टा कापून काढला. दुसऱ्या मांडीची साल आणून तिथे बसवली. टाके निघाले त्या दिवशी दोघं कारखान्यावर गेली. पाळी सुटल्यावर कँटीनच्या मागच्या खोलीत सगळे जमले. तिने सांगताना काही राखून ठेवलं नाही. ऐकून घेतल्यावर खोलीत खसखस पिकली.

“खिसेवहिनी, या वयात पँटी उतरवायला लावता होय आम्हाला?” डावऱ्या म्हणाला. डावखुरा म्हणून त्याचं हे नाव. त्याचा खिसा तिने डाव्या बाजूला शिवला होता, आणि उलट कापावं लागतं म्हणून तेव्हा त्याला चार शब्दही सुनावले होते.

“मेल्या, दाखव जाऊन एकदा.”

“मला नाही काही. थोडी खाज आहे. कोणाला नाही?”

“यांनाही खाजच होती.”

“वहिनी, तेलात हात घालून आमचे बाप म्हातारे झाले.”

कोणी घड्याळ बघितलं, कोणी डबा उचलला. सगळे दाराकडे वळले.

“थांबा,” टर्नर म्हणाला.

घरात बनियन बदलतानाही पाठ फिरवणारा माणूस तो. त्याने काठी भिंतीला टेकवली, पायजम्याची नाडी सोडली आणि पट्टी उलगडली. तिथे मांडीत खोलगट जागा होती, ओंजळ मावेल एवढी, आणि तिच्यावर जाळीसारखी लालसर, परकी कातडी. खालची कड गोल होती.

त्याच्या बायकोने भिंतीकडे तोंड केलं. नवऱ्याची मांडी तिने रोज धुतली होती. बघवणार नव्हते ते या लोकांचे चेहरे.

“बापरे,” कोणीतरी म्हणालं. डावऱ्याचा हात नकळत खिशाकडे गेला. त्याने चिंधी बाहेर काढली, क्षणभर धरली आणि कुठे ठेवावी ते न कळून तशीच हातात घेऊन उभा राहिला.

“नाडी बांधून दे गं,” टर्नर हळूच म्हणाला. “वाकता येत नाही.”

ती वळली आणि तिने बांधून दिली.

त्या रविवारी अकरापैकी नऊ जण दवाखान्यात आले. डॉक्टरीणबाईंनी एकेकाला पडद्याआड नेलं. पाच जणांना काही नव्हतं. तिघांना उजव्या मांडीवर पट्टा होता, खाली गोल. डावऱ्याला डाव्या मांडीवर.