खळ गेलेली घोंगडी

मित्रांनो, नाक मुरडलंत तरी चालेल, पण पेटीचं झाकण एवढ्यात लावू नका. मी एक जुनी काळी घोंगडी आहे, आणि घोंगडीला मेंढराचा वास येणारच. शाळेच्या अडगळीच्या खोलीत, फाटक्या नकाशांखाली मी कितीतरी पावसाळे पडून आहे. मला कसर लागली आहे. एका कोपऱ्याची तर पार चाळण झाली आहे. बाहेर निजामाचं राज्य गेलं म्हणे, आता खोल्या झाडायला काढल्या आहेत. काल दोन माणसं येऊन पेटीला लाथ मारून गेली. म्हणजे माझी पाळी जवळ आली आहे, आणि माझ्याबरोबर श्रीपतराव मास्तरांची गोष्टही उकिरड्यावर जाईल. ती भीती मला कसरीपेक्षा जास्त पोखरते. म्हणून ऐका.

माझा जन्म भालकीच्या बाजूच्या एका वाडीत झाला. रेवणप्पा मेंढपाळाने लोकर कातरली, त्याच्या बायकोने, तानुबाईने, ती पिंजून सूत काढलं आणि दोघांनी मिळून मला विणलं. मग तानुबाईने चिंचोके भाजून, वाटून, शिजवून त्याची खळ केली आणि ती माझ्या अंगाला चोळचोळून लावली. वाळल्यावर मी पापडासारखी कडक झाले. टोचतही होते, ते मी नाकारत नाही. पण खळ लावलेली घोंगडी डोक्यावरून घेतली की पाऊस वरच्यावर घरंगळून जातो. खळ हाच आमचा जीव. दर वर्षी ती पुन्हा लावायची, हे मेंढपाळाच्या घरातलं रांगतं पोरही जाणतं.

त्यांचा मुलगा बिराप्पा याच शाळेत शिकत होता. त्याच्या शाळेत श्रीपतराव मास्तरांनी स्काऊटचं पथक काढलं. चाळिशीचा माणूस, खाकी अर्धी चड्डी घालून, गळ्यात शिट्टी अडकवून पोरांबरोबर रानातून पळायचा. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. मास्तर त्यांनाही सलाम ठोकून पुढे जायचे. पथकाकडे तंबू नव्हता. मास्तर म्हणाले, ज्याच्या घरी जे असेल ते आणा. बिराप्पाने मला आणलं.

काय दिवस होते ते! चार काठ्यांवर ताणली की मी तंबू व्हायचे, झाडाला बांधली की नाटकाचा पडदा. मांजरा नदीच्या वाळूत मास्तर पोरांना सशाची आणि मुंगसाची पावलं ओळखायला शिकवायचे. पिठलं हमखास करपायचं आणि मास्तर ते मिटक्या मारत खायचे, म्हणून पोरंही खायची. पण सगळ्यात मजा झोळीची. दोन काठ्यांवर मला दुमडून जखमी माणसाची झोळी करायची, आणि जखमी व्हायचे मास्तरच. "अरे मेलो, मेलो, जरा हळू," म्हणत ते असं काही विव्हळायचे की पोरांना हसू आवरायचं नाही आणि मास्तर दाणकन जमिनीवर यायचे. मग स्वतःच जास्त हसायचे.

एकच गोष्ट सलायची. किराणावाल्याचा अंबाजी माझ्या आत शिरताना नाक दाबायचा.

"बिराप्या, तुझा तंबू बें बें करायलाय की रे," तो म्हणायचा.

पोरं हसायची. बिराप्पाही हसायचा, पण कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. हळूहळू तो आईबापाचं नाव काढेनासा झाला. वाटेत चुलत्याचा, काशप्पाचा, कळप दिसला तर हा दुसरीकडे बघायचा.

त्या वर्षी दसऱ्याआधी हैदराबादेहून मोठे साहेब पथकाची पाहणी करायला येणार होते. आदल्या दिवशी बिराप्पाने मला चोरून नेलं, उकळत्या पाण्यात घातलं, वर सोडा टाकला आणि दगडावर आपटआपट आपटलं. माझ्या अंगातली खळ पांढुरकी होऊन ओघळत गेली. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडले असते. संध्याकाळी तानुबाईने मला हात लावला आणि तिचा चेहरा उतरला.

"खळ कामून काढलास रे बाळा? थांब, उद्या लावून देते."

"न्हाई. खळीचाबी वास येतो. सायेब यायलेत."

तिने मला झटकून दोरीवर टाकलं. पोराला आपल्या घराचीच लाज वाटते आहे, हे तिला कळलं असावं. साहेबांनी मला दोन बोटांनी चाचपून पाहिलं आणि म्हणाले, "बहुत साफ है." मास्तरांनी बिराप्पाची पाठ थोपटली. मित्रांनो, आयुष्यात माझं कौतुक झालं ते तेवढंच, आणि झालं तेव्हा मी कुचकामी झालेली होते.

दसऱ्याच्या सुट्टीत पथक मांजरेच्या बाजूला गेलं. जाताना वाटेतल्या ओढ्यात घोटाभर पाणी होतं. दुपारी आभाळ भरून आलं, मास्तरांनी शिट्टी वाजवली, सगळे परत फिरले. ओढा ओलांडण्याआधीच, अलीकडच्या दरडीवर अंबाजीचा पाय सरकला. मास्तरांनी त्याला वर ढकललं आणि स्वतः खाली खडकांत गेले.

कुणीच हसलं नाही. मास्तर "मेलो, मेलो" म्हणत नव्हते. ते गप्प होते, यावरूनच सगळ्यांना कळलं. गुडघ्याखाली हाड बाहेर आलं होतं आणि रक्त थांबत नव्हतं. बिराप्पाने फेटा सोडून पाय आवळून बांधला. शिकवलं होतं तसं मला काठ्यांवर दुमडलं आणि मास्तरांना माझ्यावर घेतलं. तेवढ्यात हस्ताचा पाऊस कोसळला.

कुठलंही काम रखडलं की लोक त्याला भिजत घोंगडं म्हणतात. म्हणणाऱ्यांनी भिजलेलं घोंगडं कधी उचललेलं नसतं. खळ होती तेव्हा मी पाणी झटकून टाकायचे. आता मी ते पीत सुटले. नको नको म्हणत प्यायले. मी जड झाले, ढिली पडले, लोंबायला लागले. मास्तर माझ्या पोटात खाली खाली गेले आणि त्यांचा मोडका पाय दगडांना घासायला लागला. पोरं चार पावलं चालायची आणि टेकायची. त्यांच्या तळहातांची सालं निघाली. समोर ओढा लाल पाण्याने फुगत होता. भालकी पलीकडे, गाडी पलीकडे, डॉक्टरही पलीकडे.

"मला ठेवा इथं," मास्तर म्हणाले. त्यांचे ओठ काळे पडले होते. "तुमी वरच्या अंगानं फिरून जावा. हुकूम आहे माझा."

कुणी हललं नाही. पथकाने मास्तरांचा हुकूम मोडला तो तेव्हाच.

बिराप्पा माझ्या काठाला धरून रडायला लागला. "मास्तर, मीच हिला उकळून धुतलो. खळ काढून टाकलो. वास येतो म्हनून. खळ असती तर ही अशी भिजली नसती."

मास्तरांनी डोळे उघडले. "कामून रडायलास? तो वास मला आवडायचा रे. घरी गेल्यावर अंगाला यायचा, तर बायको म्हणायची, रानात जाऊन आलेत." मग त्यांचे डोळे मिटले आणि हाक मारूनही उघडेनात.

तेव्हा बिराप्पा उठला. पलीकडच्या माळावर काशप्पाचा कळप बसवलेला होता. येताना सगळ्यांनी पाहिला होता, आणि बिराप्पाने मान वळवली होती. त्याने तोंडाशी ओंजळ धरली आणि मेंढपाळाची हाळी दिली. ती साधी हाक नसते. पोटातून निघते आणि चढत चढत जाते, मेंढरं तिला मान वर करतात. अंबाजीसमोर, सगळ्या पथकासमोर, तो बापासारखा ओरडत राहिला. पावसात ती पलीकडे जाते की नाही, कळत नव्हतं. त्याचा घसा बसला, आवाज फाटला. मग अंबाजी त्याच्याशेजारी उभा राहिला आणि तशीच हाळी द्यायला लागला. त्याला ती नीट जमत नव्हती. मग सगळेच.

पलीकडच्या पावसात काळ्या खोळी दिसल्या. काशप्पा आणि त्याचे गडी होते, डोक्यावर खळीच्या कडक घोंगड्या. काठ्यांनी तळ चाचपत, एकमेकांचे हात धरून ते छातीभर पाण्यातून आले. मास्तरांना त्यांनी आपल्या कोरड्या घोंगडीत गुंडाळलं आणि डोक्यावर धरून नेलं. मी अलीकडेच चिखलात राहिले. मास्तर जगले की नाही, हे मला ओढा उतरेपर्यंत कळलं नाही. मित्रांनो, तशी वाट मी पुन्हा कधी पाहिली नाही.

मास्तर जगले. पाय मात्र बिदरच्या दवाखान्यात कापावा लागला. बिराप्पाने मला शोधून आणलं, आईजवळ बसून स्वतःच्या हाताने खळ लावली आणि मास्तरांच्या खाटेवर अंथरली. पोरं संध्याकाळी येऊन माझ्यावर बसायची. मास्तरांच्या गोष्टींतून रान त्यांनी तिथंच, त्या खाटेवरच, पुन्हा पुन्हा पाहिलं. पण दुसऱ्या कुणी शिट्टी गळ्यात घातली नाही. पथक मोडलं. मास्तर वारल्यावर त्यांचं सामान या पेटीत आलं, त्याबरोबर मीही. बिराप्पा मेंढरं घेऊन कुठे अफजलपूरकडे उतरला, एवढं ऐकलं. त्यानंतर मला खळ लागली नाही.

उद्या ती माणसं पुन्हा येतील. तुमच्यापैकी कुणी आधी आलं, तर मला उन्हात टाका, कसर झटका, आणि कुणाच्या आजीला विचारून एकदा चिंचोक्याची खळ लावा. तेही नाही जमलं, तर निदान वास येतो म्हणून मला धुऊ नका. हा वास काढायला निघालेला एक मुलगा होता, आणि त्याच वासाच्या माणसांना त्याने ओढ्याकाठून हाक मारली. ती छातीभर पाण्यातून आली. त्याने इतके दिवस मान का फिरवली होती, हे त्यांच्यातल्या एकानेही विचारलं नाही.