बर्नीसाठी सोडलेली भिंत

"खाली घे. अजून खाली. आता दिसला माईक... छे, तुझं पोट दिसतंय, नेव्ह."

बर्नाडेट, म्हणजे बर्नी, माझी मोठी बहीण, माझ्या तळघराच्या मधोमध स्टुलावर बसली होती आणि मी बेडरूममधला आरसा छातीशी धरून भिंतीकडेने सरकत होतो. गाणाऱ्याला आरशात जिथे माईक दिसतो, तिथेच त्याचा आवाज भिंतीवर आपटून माईककडे वळतो. तिथे खडूने फुली मारायची आणि आवाज शोषणारं पॅनेल ठोकायचं. हे काम एकट्याने होत नाही. तेवढ्यासाठी मी तिला मंगळवारी सकाळीच बोलावून घेतलं होतं.

गुरुवारी तिचं ऑपरेशन होतं. गाठ घशात होती आणि अख्खं स्वरयंत्रच काढावं लागणार होतं. डॉक्टरीणबाई हे सांगत होत्या तेव्हा मी त्यांच्या मागच्या कॅलेंडरवरची बोट बघत होतो. वाईट वाटायला हवं होतं. वाटत नव्हतं. नंतरही वाटलं नाही.

बर्नीने एकतीस वर्षं शाळेच्या कॅन्टीनमध्ये उभं राहून पाय झिजवले. त्याशिवाय लॉन्सेस्टन गावातल्या आमच्या भागात कुणी गेलं, की चर्चमध्ये स्तोत्र म्हणायला तिलाच बोलावणं यायचं. मोबदला म्हणजे नंतरचा चहा आणि अंड्याचे सँडविच.

"अर्ध्या गावाला मी पोचवलं," ती त्या दिवशी दवाखान्याच्या पायऱ्यांवर म्हणाली होती, "आणि माझ्या वेळेला ती मॉरीन गाणार? किंचाळते रे ती! तुझ्या त्या बिळात माझं एक स्तोत्र भरून ठेव. आईला पोचवताना म्हटलेलं."

बीळ म्हणजे माझं तळघर. बसची ड्रायव्हरकी संपल्यावर तिथे मी म्हाताऱ्या दोस्तांचे बँजो आणि पेट्या रेकॉर्ड करायचो. छताची उंची सव्वासहा फूट, मी सहा फूट एक इंच. छताखाली उतरलेल्या मधल्या तुळईवर माझ्या कपाळाची खूण आहे. इतक्या बुटक्या छताखाली आवाज डब्यात खडा हलवावा तसा खणखणतो. बँजोला ते चालून जायचं. बर्नीला चालणार नव्हतं.

पॅनेलमध्ये भरायला मी शेजारच्या क्लॅरीकडून मेंढ्यांच्या पोटाखालची लोकर आणली, जी कुणी विकत घेत नाही. धुवायला वेळ नव्हता. आरशाने सहा जागा दाखवल्या. मी मात्र बर्नी गेल्यावर थांबलोच नाही. चारी भिंती, कोपरे, छत, दाराची आतली बाजू, सगळं मढवून टाकलं. हात चालू होते तोवर बरं होतं.

बुधवारी दहाला ती आली. चारला तिला इस्पितळात दाखल व्हायचं होतं. दारातच तिने नाक मुरडलं.

"स्टुडिओ केलायस की मेंढवाडा?"

ती माईकसमोर उभी राहिली. पहिली ओळ म्हटली, दुसरीच्या मध्यावर थांबली. टाळी वाजवून पाहिली. टाळी हातातच विझली.

"नेव्ह, इथे तर मी आजच मुकी झाले रे."

"पुस्तकात असंच आहे. मीटर बघ, एकदम बरोबर दाखवतंय."

"मग मीटरलाच गायला लाव! अरे, चर्चमध्ये मी आवाज टाकते आणि दगड तो मला परत देतो. तो आला की पुढचा टाकायचा. इथे टाकला की गेला. मी धरू काय?"

अति तिथे माती, हे मला बासष्टाव्या वर्षी लोकरीने शिकवलं. मी स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि तिच्या समोरच्या भिंतीवरची पॅनेलं एकेक करून उतरवली. प्रत्येक पॅनेलनंतर ती टाळी वाजवायची आणि अजून नाही म्हणून मान हलवायची. सातवं उतरलं, भिंतीच्या विटा पूर्ण उघड्या झाल्या, तेव्हा ती म्हणाली, "हां. आता कुणीतरी आहे इथे."

ती एकदाच गायली. शेवटच्या ओळीला घसा फाटला आणि खोकला आला.

"पुन्हा घेऊ या?" मी विचारलं.

"नको. असू दे. मेलेल्या बाईला खोकला चालतो."

मग तिने पर्समधून डबा काढला. अंड्याचे सँडविच. आम्ही पायरीवर बसून खाल्ले. "माझ्या वेळेला लोणी कमी लावू नका," ती म्हणाली. तिचं माझ्याशी शेवटचं मोठं वाक्य ते. त्यानंतर गाडीत "खिडकी लाव" एवढंच. मी फाइलला तिचं नाव दिलं, तारीख घातली, आणि मला काहीच वाटलं नाही.

सात आठवड्यांनी ती पुन्हा खाली आली. गळ्याशी श्वासासाठी पाडलेलं भोक, त्यावर निळा रुमाल. सवयीने तुळईखाली वाकली. मी आपला वाकायला विसरलो आणि कपाळ आपटून घेतलं. ती हसली. नुसते खांदे हलले.

"ऐकवू का?" मी कॉम्प्युटरकडे बोट केलं. तिने जोरात मान हलवली. नको.

ती विटांच्या भिंतीसमोर आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली. रुमाल नीट केला. टाळी वाजवली. भिंतीने ती परत दिली. बर्नी ऐकत राहिली, अगदी विरेपर्यंत. मग दुसरी वाजवली.

तेव्हा मला तिच्याकडे बघवेना. मी खाली बसलो आणि जमिनीवर राहिलेले स्क्रू गोळा करायला लागलो. स्क्रू दोनच होते. तिने पायाने जमीन ठोकून मला वर बघायला लावलं आणि माझ्याकडे बोट केलं, मग भिंतीकडे.

मी स्क्रू खिशात टाकले, तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो आणि टाळी वाजवली.