पुस्तकातल्या सासूचा गुडघा

शर्ट शिवणाऱ्या त्या कारखान्यात मशिनींच्या दालनामागे एक लांबट खोली होती. तिथे मशीन एकही नव्हतं. एक भलंमोठं टेबल आणि त्याभोवती बसलेल्या बायका. शिवलेला शर्ट शेवटी इथे यायचा. बटणं लावायची, लोंबणारे दोरे कापायचे, कॉलर नीट बसलीय का बघायची. हात गुंतलेले आणि तोंडं मोकळी, म्हणजे भांडणाला अगदी पोषक हवा. त्यावर फार पूर्वी कुणीतरी तोड काढली होती. एकीने मोठ्याने वाचायचं आणि बाकीच्यांनी आपले थोडे थोडे तयार शर्ट तिच्या ढिगात टाकायचे, म्हणजे तिच्या वाट्याचं काम आपोआप होतं. मालकाने आधी नाक मुरडलं. मग काम लवकर उरकतंय हे पाहून काणाडोळा केला.

हल्ली वाचायचं काम काकूंकडे होतं. शाळा लवकर सुटली होती, पण वाचायचं वेड काही सुटलं नव्हतं. आवाज तर असा, की गोष्टीतली म्हातारी खोकली तर टेबलावरून कुणीतरी पाण्याचा पेला पुढे सरकवायचं.

पुराणकथा झाल्या, राजेराण्या झाल्या, मग जाडजूड जुन्या कादंबऱ्या सुरू झाल्या. टेबलाची त्यावर स्वतःची मतं होती. मुकादमीणबाईंचं म्हणणं, गोष्टीत लग्न एक तर पहिल्या पानावर येतं नाहीतर शेवटच्या. मधला संसार लिहायला लागला की भल्याभल्यांची शाई वाळते. सगळ्यांत वयस्कर मावशी म्हणायच्या, "देवांच्या घरीसुद्धा भांड्याला भांडं लागतंच गं. फक्त त्यांचं भांडं आपटलं की खाली आपल्याकडे पूर येतो."

काकूंना वाचताना एक खोड होती. फार कडू काही आलं की त्या मनानेच साखर घालायच्या. मागे एका कथेत समुद्राकाठी नवऱ्याची वाट बघता बघता राणीचा खडक होतो, तिथे काकूंनी राजाला सुखरूप परत आणला होता. मुकादमीणबाईंच्या लेकीने घरी तीच कथा वाचली आणि काकूंचं बिंग फुटलं. दुसऱ्या दिवशी काकूंच्या ढिगात एकही शर्ट पडला नाही. "आमच्या नशिबी असलेलं आम्ही रोज बघतोच," मावशी शांतपणे म्हणाल्या, "निदान पुस्तकात तरी आम्हाला फसवू नकोस." तेव्हापासून नियमच झाला: पानावर असेल ते वाचायचं, एक ओळही गाळायची नाही.

आता चाललेली कादंबरी कुठल्याशा जुन्या काळातल्या कुटुंबाची होती. घोडागाड्या, मेणबत्त्या, दिवाणखान्यात मोजूनमापून बोलणारी माणसं. त्यात एक विधवा आई, तिचा एकुलता मुलगा आणि त्याची अबोल बायको. टेबलाला ही सून फार आवडायची. काकूंची स्वतःची सून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बटणं लावत बसलेली असायची. लग्नाला दोन वर्षं होऊन गेली तरी टेबल तिला "नवी"च म्हणायचं. तीही अबोलच.

काकूंच्या घरी एक गोष्ट अडून बसली होती. मुलाला दुसऱ्या शहरात चांगली नोकरी चालून आली होती, राहायला दोन खोल्यांसकट. तिथल्यांना आठवड्याभरात उत्तर हवं होतं. आणि नेमका तेव्हाच काकूंचा उजवा गुडघा धरला. डॉक्टरला काही सापडेना; पण काकूंना उठताना कण्हावं लागे, चालताना भिंत धरावी लागे. मुलगा म्हणे, अशा आईला टाकून कसं जायचं? नवी काहीच म्हणत नसे. कामावरून आली की वाटीत तेल कोमट करी आणि सासूच्या पायाशी बसे.

गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं, हे एकट्या काकूंना ठाऊक होतं. निदान त्यांची तशी समजूत होती.

सुट्टीच्या दुपारी मुलगा आणि नवी बाजारात गेली. दार लागल्याचा आवाज नीट ऐकून काकू उठल्या, स्टुलावर चढल्या, वरच्या फळीवरचा बिस्किटांचा डबा काढला आणि उद्याची पानं चाळायला बसल्या. आधी वाचून ठेवलं की आवाज कुठे चढवायचा ते कळतं.

मुलगा परगावी जायचं ठरवतो, असं पुस्तकात आलं. बरं. आईचा पाय अचानक धरतो. काकूंनी बिस्किट खाली ठेवलं. पावलं जवळ आली की म्हातारी कण्हते, दूर गेली की थांबते. घरात कुणी नाही असं बघून ती कपाटापाशी तिवई ओढते, वर चढते, लपवलेली मधाची बरणी काढते आणि खिडकीत बसून बोटाने चाटते.

काकूंनी डब्याचं झाकण लावलं. त्यांनी दाराकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. हे लिहिणारा माणूस त्यांची आजी जन्मायच्या आधीच मातीत गेला होता. त्याने हे घर पाहिलं नव्हतं, हे स्टूल पाहिलं नव्हतं. मग त्याला सांगितलं कुणी? एवढं जुनं, एवढं परकं पुस्तक, आणि त्यात आपण बसलोय, ओठांना चुरा लागलेला. त्यांना लाज वाटायला हवी होती. पण त्याआधी देवळाच्या गाभाऱ्यात गेल्यासारखं काहीतरी वाटलं. त्याच्याही घरी कुणीतरी कण्हत असणार, त्यांच्या मनात आलं. नाहीतर कुठून कळणार? आणि या पुस्तकाचं पान उलटताना आणखी किती घरांत, किती बायकांच्या हातातलं बिस्किट असं थांबलं असेल?

पुढे वाचायची छाती झाली नाही. पुस्तक मिटलं.

दुसऱ्या दिवशी घसा बसल्याचं सोंग करावं, असं एकदा मनात आलं. पण एका सोंगाचंच ओझं कंबरेत आलं होतं. दुसरं कुठे सांभाळणार? पानं गाळायची तर तो नियम आडवा. काकू भिंत धरत खुर्चीपर्यंत गेल्या आणि वाचायला लागल्या.

मधाची बरणी आली आणि टेबल हसून हसून लोळायला टेकलं. मुकादमीणबाई म्हणाल्या, हिला ऑलिम्पिकला पाठवा. मावशींनी म्हातारीचं कण्हणं काढून दाखवलं, ते हुबेहूब काकूंसारखं झालं, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही. नवी हसली नाही. मान खाली, सुई वर-खाली.

पान उलटलं. आता काकूही बाकीच्यांसारख्याच, पुढचं काही ठाऊक नसलेल्या.

पुस्तकातली सून रोज संध्याकाळी सासूच्या पायाला लेप लावते. एका संध्याकाळी ती मुद्दाम दुसऱ्याच पायाला लावते. म्हातारी तितकीच कळवळते. सून काही बोलत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्याच पायाला लेप लावते. कारण आपण भलत्याच पायासाठी कळवळलो हे म्हातारीच्या ध्यानात आलं तर तिला मान वर करायला जागा उरणार नाही.

हसणं विरलं. खोलीत कात्र्यांचा आवाजही होईना. काकूंचा आवाज, राजाचा राजा आणि म्हातारीची म्हातारी करणारा तो आवाज, मध्येच कुठेतरी हरवला. त्यांनी वर पाहिलं. टेबलाच्या त्या टोकाला नवीची सुई थांबली होती.

"बाई गं," मावशी हळूच म्हणाल्या. "हे कुणी लिहिलं असेल?"

चहाच्या सुट्टीत दोघी मागच्या जिन्यात गेल्या. काकूंनी कठडा धरला, मग सोडला.

"तुलाही ठाऊक होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"दूध उतू जात होतं तेव्हापासून. तुम्ही आतल्या खोलीतून पळत आलात. माझ्याआधी पोचलात."

काकूंना हसू आलं आणि रडूही. दोन्ही एकदम दारात अडकली. मग बोलली का नाहीस, नवऱ्याच्या कानावर का नाही घातलंस, एवढी मोठी नोकरी हातची जात होती, असं त्यांनी विचारलं, जवळजवळ रागावूनच.

नवीने चहाचा कप कठड्यावर ठेवला. "दोन वर्षांत तुम्ही माझ्याशी बोललात ते भाजीत मीठ कमी की जास्त, एवढंच. तेल लावताना मात्र बोलायचात. तुमच्या लहानपणीचं, मामंजींचं. मला वाटायचं, बोलून मोकळी झाले तर तुम्ही पाय आखडता घ्याल."

काकू पायरीवर बसल्या. आपण फसवत होतो आणि ही फसवून घेत होती, आणि त्या दोन खोट्यांच्या मधोमध रोज संध्याकाळी कोमट तेलाच्या वाटीशेजारी एक खरं काहीतरी बसलेलं होतं. कुठल्या शहाण्याने संसाराचे नियम लिहिले असतील तर त्यात हे कलम असणार नाही. आणि पुस्तक लिहिणाऱ्या त्या मेलेल्या माणसाला हे माहीत होतं.

"आज त्याला मी सांगते," त्या म्हणाल्या. "तू मध्ये पडू नकोस."

संध्याकाळी मुलगा जेवायला बसला तेव्हा काकू भिंत न धरता चालत आल्या आणि समोर बसल्या. पायाला काही झालेलं नाही, त्यांनी सांगितलं, कधीच नव्हतं. नोकरी घे. उद्याच होकार कळव.

मुलाचा घास हातातच राहिला. "मग हे सगळं कशाला, आई?"

"भीती वाटते म्हणून." हे शब्द त्यांनी आजवर कधी उच्चारले नव्हते, घरात आईने असं काही म्हणायचं नसतं. पण एकदा निघाल्यावर ते थांबेनात. एकटीने झोपायची भीती वाटते. लिफ्टची वाटते, जिने चढते ते काही तब्येतीसाठी नाही. तुझे वडील गेले तेव्हा तू शाळेत होतास, त्या दुपारी तू परत आलास तेव्हा दार उघडायची वाटली होती. तुझं लग्न ठरलं तेव्हा वाटली, आणि ही घरात आली तेव्हा तर फारच. इतकी शांत मुलगी, हिच्या मनात काय चाललंय कळायचं कसं?

मुलगा ऐकत राहिला. ज्या बाईने त्याला वाढवलं तिच्याबद्दल त्याला आज कुणीतरी पहिल्यांदा वाचून दाखवत होतं, आणि पुस्तक जाडजूड होतं. नवीने हळूच स्वतःची थाळी बाजूला सारली आणि सासूच्या शेजारी सरकून बसली.

"मग?" ती म्हणाली. "पुढे?"