बापाचे पाय

आमच्या कोंबड्याचा आवाज असा, की इथे आखातात, अल अमेरातच्या आमच्या गल्लीत कुणाला अलार्म लावायची गरज नाही. मी त्याच्यावर टोपलं टाकून बघितलं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं होय? शेजाऱ्यांनी तक्रार केली. शेवटी आमच्या घरमालकाने, अर्बाबने, निकाल दिला: म्हातारा कोंबडा राहू दे, पण नव्या पिल्लांतले सगळे नर माझ्या खजुराच्या बागेत. माद्या ठेवा. खलास.

"एवढीशी पिल्लं. त्यांतले नर कुठले, कसं कळणार?" माझा नवरा मुस्तफा म्हणाला.

"पाय बघा. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, ते काय उगीच म्हणतात?"

तो हसला. हसू दे. आमच्या कोंबड्याचे पाय हिरवट काळे, कोंबडीचे हळदीसारखे पिवळे. दर खेपेला मी बघत आले. पाय बापावर गेले की मादी, आईवर गेले की नर. एकदाही चुकलं नाही. शेजारच्या रुबिनाकडे जोडी उलटी, कोंबडा पिवळ्या पायांचा आणि कोंबडी काळ्या. तिची सगळीच पिल्लं पिवळ्या पायांची निघतात, काही म्हणजे काही कळत नाही. मला याचं फार नवल वाटायचं. लेक आईच्या वळणावर जाते म्हणतात, आणि इथे लेकी बापाचे पाय घेऊन येतात.

त्या दिवसांत माझ्या डोक्यात लेकीचाच विषय होता. शाळेचं वर्ष संपलं की नऊ वर्षांच्या अल्फियाला गुहागरला, दादीकडे पाठवायचं ठरलं होतं. सासरे गेल्यापासून सासूबाई एकट्या. "मुलगी आहे, आईला सोबत होईल, चार कामं शिकेल," मुस्तफा म्हणाला. मोठा मुलगा रय्यान मात्र इथेच, कारण त्याच्या शिक्षणाचं नुकसान नको. मला हे मुळीच पटलं नव्हतं. पण मी गप्प बसले, आणि आमच्या घरात गप्प बसण्यालाच होकार समजतात.

शुक्रवारी मी पिल्लं निवडायला बसले. पिवळ्या पायांची खोक्यात, काळ्या पायांची परत खुराड्यात. अल्फियाचं लाडकं पिल्लू नेमकं पिवळ्या पायांचं. तिने ते छातीशी धरलं.

"अम्मी, हे का जाणार?"

"त्याचे पाय आईचे आहेत. ज्यांचे पाय बापाचे, त्या घरात राहतात."

तिने मान हलवली आणि पिल्लू आपल्या हाताने खोक्यात ठेवलं. मला वाटलं, बरं झालं, पोरगी शहाणी आहे.

मुस्तफा नमाजला जायच्या आधी अंगणातल्या नळावर पाय धूत होता. अल्फिया चपला काढून त्याच्याशेजारी उभी राहिली आणि आपला पाय तिने त्याच्या ओल्या पायाला लावला. अंगठ्यापेक्षा लांब शेजारचं बोट, दोघांचंही. रय्यानचा पाय माझ्यासारखा, आखूड बोटांचा.

"अब्बा, लुक. माझे पाय तुमचे आहेत. मग मी राहणार ना?"

मुस्तफाचा हात थांबला. पाणी वाहत राहिलं.

"बेटा, ती कोंबड्यांची गोष्ट आहे."

"मग माझी गोष्ट कुठली?"

अल्ला! इतके दिवस मी गिळलेलं सगळं त्या पोरीने तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत बोलून टाकलं. मी उठले आणि नळ बंद केला.

"ऐका," मी म्हटलं. "माझी लेक कुठेही जाणार नाही. मी आधी बोलायला हवं होतं, आता बोलते."

मुस्तफा दोन्ही पायांकडे बघत राहिला, आपल्या आणि तिच्या. मग हळूच म्हणाला, "माझ्या आईचं बोटसुद्धा असंच आहे."

अल्फिया एकदम खुलली. "दादीचं पण? मग तिला पण इथेच ठेवायचं ना, अब्बा!"