एका वेळी एकच पिन

टीव्हीवरच्या हवामानवाल्यानं कोट काढून बाह्या दुमडल्या, की आमच्या बफलो शहरात समजायचं, आता काही खरं नाही. साधा बर्फ असेल तर तो कोट घालूनच सांगतो. त्या बुधवारी त्यानं टायसुद्धा सैल केला आणि सरोवरापासून थेट आमच्या भागापर्यंत हातानं एक जाड पट्टा ओढला. माझा नवरा कॅझिमिर खुर्चीतून टुणकन उठला. लग्नाच्या दिवशीही एवढ्या चपळाईनं उठला नव्हता.

"स्टाशा, नळ गोठायच्या आत टब भरून ठेव!"

"भरते. आधी खिडकीतून बाहेर बघ."

"सुरू झाला बर्फ?"

"बर्फ नाही. पाटी."

शेजारी फर्गस डोनह्यू आपल्या अंगणात घण घालून एक लाकडी खांब ठोकत होता. खांबावर पाटी होती: घर विकणे आहे. कॅझनं ती वाचली, नाक ओढलं आणि म्हणाला, "जाऊ दे फ्लोरिडाच्या उन्हात. तिथे मगरी आहेत. त्यांच्याशी भांडत बसेल." मग तो टॉर्चचे सेल शोधायला गेला. फर्गसची बायको रॉझ माझी जिवाभावाची मैत्रीण. ती गेली तर या गल्लीत मी बोलायचं कोणाशी? कॅझशी? तो फक्त हवामानवाल्याचं ऐकतो.

भांडण झालं होतं बर्फावरून. आमच्याकडे दुसऱ्या कशावरून होत नाही. बर्फ उडवायचं मशीन या दोघांनी मिळून घेतलं होतं. मशीन फर्गसच्या गॅरेजात राहायचं आणि त्याच्या पिना आमच्याकडे, कॉफीच्या जुन्या डब्यात. पात्यात काही कडक अडकलं, की इंजिन वाचावं म्हणून आधी पिन मोडते. नवी घातल्याशिवाय पातं फिरत नाही. कॅझ बस डेपोतला मेकॅनिक, त्यामुळे पिना त्याच्या ताब्यात असणंच बरं, असं तेव्हा दोघांनाही वाटलं होतं.

मागच्या हिवाळ्यात फर्गसनं उडवलेला बर्फ कॅझनं नुकत्याच साफ केलेल्या गाडीच्या वाटेवर येऊन पडला. फर्गस म्हणाला, वारा फिरला. कॅझ म्हणाला, वाऱ्याला बरा माझाच पत्ता सापडला! झालं. पुढच्या बर्फात फर्गस फुटपाथ साफ करत आला आणि बरोबर आमच्या हद्दीवर थांबला. सुरीनं केक कापावा तसा. आमच्या गल्लीत ज्याच्या हातात मशीन असतं, तो शेजाऱ्याच्या दारापुढूनही ते फिरवून आणतो. न सांगता, न विचारता. हद्दीवर थांबणं म्हणजे शेजाऱ्याच्या तोंडावर दार आपटणं. कॅझनं पिनांचा डबा उचलून आमच्या कपाटात सगळ्यात वर ठेवला आणि तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

मी आणि रॉझ चोरून फोन करायचो. पण चोरून केलेल्या गप्पा रंगत नाहीत. आमच्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या समोरासमोर आहेत. सकाळी ती कॉफीचा कप वर करायची, मी माझा वर करायची, आणि दोघी आपापल्या कामाला लागायचो. पाटी लागली त्या दिवशी तिनं फोन केला. "फर्गस म्हणतो, इथे आता कोणासाठी राहायचं?" एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. मीही रडले. टब भरून वाहायला लागला तेव्हा फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दुकानात. पाव संपत आला होता. दूध आमच्याकडे कोणी पीत नाही, तरी दूध घेतलं, कारण सगळेच घेत होते. बिअर घेतली. घरी फ्रीजरमध्ये मी केलेल्या पिएरोगी होत्या, आमच्या पोलिश करंज्या. बटाटा आणि चीज भरलेल्या, दोन माणसांना ईस्टरपर्यंत पुरतील एवढ्या. पायऱ्यांसाठी खडे मीठ आणलं, खिडक्यांच्या फटींत जुने टॉवेल कोंबले, नळ थेंब थेंब सोडून ठेवले. पण कॅझचा खरा जीव गाडीत. टाकी फुल्ल केली. डिकीत रेतीची गोणी, घोंगडी, मेणबत्ती, काडेपेटी, चॉकलेटं, बॅटरीच्या तारा आणि दोन फावडी.

"दोन कशाला?" मी विचारलं.

"वाटेत एक मोडलं तर?"

"तू जाणार आहेस कुठे?"

"कुठेच नाही. पण गाडी तयार पाहिजे."

मग त्यानं गाडी मागच्या अंगणातल्या गॅरेजात लावली आणि काचेला चिकटू नयेत म्हणून वायपर उभे करून ठेवले. गॅरेजच्या आत. मी म्हटलं, आत कुठे बर्फ पडतो? म्हणे, सवय. मी पुढे बोलले नाही. इतकी वर्षं संसार केलाय, कुठे गप्प बसायचं ते मला कळतं.

रात्री सुरू झाला तो बर्फ आख्खा दिवस आणि आणखी एक रात्र कोसळत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी लख्ख ऊन पडलं. समोरच्या रस्त्यावर मोटारी कुठे आहेत ते फक्त उंचवट्यांवरून कळत होतं. फर्गसची पाटी गडप झाली होती. तेवढंच जरा बरं वाटलं. कॅझनं बूट चढवले, टोपी घातली, हातमोजे घातले. आमचं बाहेरचं दार बाहेर उघडतं. त्यानं ढकललं, ते बोटभर हललं आणि थांबलं. मागचंही तसंच.

"स्टाशा, फावडं कुठंय?"

मी मागच्या खिडकीकडे बोट दाखवलं. त्याचा चेहरा हळूहळू पडला.

"गाडीत," तो म्हणाला.

"दोन्ही?"

"दोन्ही."

"आणि गाडी?"

"गॅरेजात."

मागच्या खिडकीतून गॅरेजचं फक्त छप्पर दिसत होतं. कॅझनं ते बराच वेळ न्याहाळलं. "पण टाकी फुल्ल आहे," तो म्हणाला.

मी त्याला टर्की भाजायचा मोठा ट्रे आणून दिला. दुसरं काय देणार? त्यानं पुढची खिडकी उघडली, कमरेपर्यंत बाहेर वाकला आणि ट्रेनं बर्फ उपसायला लागला. एक ट्रे बाहेर जायचा, अर्धा घरात. माझा गालिचा भिजला. एवढ्यात शेजारी मशीन घुरघुरलं.

"आला," कॅझ ट्रे घेऊन तसाच थांबला. "बघ आता. हद्दीवर थांबेल."

फर्गस फुटपाथवरून बर्फाचं कारंजं उडवत आला. हद्दीवर मशीन थांबलं. फर्गसनं मान वर करून आमच्या खिडकीकडे बघितलं. तिथे माझा नवरा ट्रे हातात घेऊन अर्धा बाहेर लोंबत होता. मग त्यानं मशीन पुढे ढकललं. हद्द ओलांडून, आमच्या दाराच्या दिशेनं. थोडं पुढे आला आणि खाडकन आवाज होऊन पातं बंद पडलं.

फर्गसनं वाकून हात घातला, आतून काहीतरी ओढून काढलं आणि आपलं फावडं चालवत खिडकीपर्यंत आला. भुवया बर्फानं पांढऱ्या झाल्या होत्या.

"कॅझ," तो म्हणाला. किती दिवसांनी!

"काय?"

"बर्फाखाली पडलेला तुझा पेपर माझ्या मशीनमध्ये गेला. गोठून नुसता ओंडका झालाय."

"पेपर माझ्या हद्दीत होता. मशीन तिथे काय करत होतं?"

फर्गसनं ट्रेकडे बोट दाखवलं. "तू बर्फ भाजतोयस का लेका?"

"फावडी गाडीत आहेत."

"दोन्ही?"

"एक मोडलं तर म्हणून!" कॅझ खेकसला.

फर्गस हसायला लागला. हसता हसता बर्फात बसलाच. कॅझनं तोंड वाकडं करून बघितलं, पण त्याचेही खांदे हलायला लागले. शेवटी फर्गसनं डोळे पुसले आणि हात पुढे केला. "पिन दे."

कॅझनं कपाटातून डबा काढला. काठोकाठ भरलेला. त्यातून एक पिन काढली आणि फर्गसच्या हातमोज्यावर ठेवली.

"एकच?"

"एकच."

"डबाभर आहेत की!"

"डबा दिला तर फ्लोरिडाला घेऊन जाशील." कॅझनं डबा छातीशी धरला. "मोडली की ये. एका वेळी एकच मिळेल."

फर्गस पिन मुठीत धरून परत गेला. मी पदराआड, म्हणजे एप्रनआड, तोंड लपवलं नाही, सरळ रडले. समोर आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीत रॉझ उभी होती. मी कप वर केला नाही, खिडकी उघडून ओरडले, "पिएरोगी तळतेय! वाट झाली की ये!"

फर्गसनं आमच्या दारापर्यंत वाट काढली, मग आमचा फुटपाथ पार पलीकडच्या टोकापर्यंत नेला, आणि वळून आपल्या अंगणात शिरला. तिकडे वाट नव्हती, काहीच नव्हतं, नुसतं गवत बर्फाखाली. आम्ही दोघं बघतोय तोवर लाकूड फुटल्याचा कडकडाट झाला. मशीनच्या तोंडातून रंगवलेल्या लाकडाच्या ढलप्या उडाल्या आणि सगळ्या कॅझच्या गाडीच्या वाटेवर येऊन पडल्या.

"फर्गस!" रॉझ आतून ओरडली. "अरे, ती पाटी!"

"दिसली नाही," फर्गस म्हणाला. तो खांब त्यानंच ठोकला होता, स्वतःच्या हातानं.

मग तो बर्फ तुडवत आमच्या खिडकीशी आला, हातमोजा काढला आणि उघडा तळवा पुढे धरला. कॅझनं डब्यातून एक पिन काढून त्यावर ठेवली. वाऱ्याबद्दल तो एक अक्षर बोलला नाही.