शून्य दुखणं

पेंटरकाकांना दुखणं नावालाही नव्हतं. पित्ताशयाचं ऑपरेशन होऊन दुसरा दिवस चालू होता, उजव्या बरगडीखाली वीतभर टाके होते, आणि तरी सकाळच्या राउंडला डॉक्टरांनी "शून्य ते दहा, किती दुखतंय?" असं विचारल्यावर त्यांनी मान न हलवता सांगितलं, "शून्य."

डॉक्टर खूश झाले. "असे पेशंट हवेत," असं बाकीच्या खाटांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणून ते पुढे सरकले.

काका खोटं बोलत नव्हते. चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेलेली. परांचीवर एका पायावर भार देऊन, श्वास धरून अक्षर ओढायची अंगाला सवय. ऑपरेशनच्या दिवशी खाटेवर चाचपडता चाचपडता त्यांना एक जागा सापडली होती. उजवा गुडघा जरासा वर, खांदे उशीत रुतलेले, मान डावीकडे. तिथं दुखत नव्हतं. झालं, ती जागा त्यांनी सोडलीच नाही. पाण्याचा पेला मुलीनं तोंडाला लावायचा, चादर तिनंच ओढायची, खाटेला टेकून कुणी उभंही राहायचं नाही. काल सकाळी उठवायला आलेल्या नर्सला त्यांनी इतक्या गोड बोलून परत पाठवलं की तिला नाही म्हटल्याचं कळलंसुद्धा नाही.

"बाबा, निदान कूस तरी बदला," मुलगी म्हणाली.

"मोठ्या मुश्किलीनं जागा मिळालीय. घालवू नकोस."

इन्चार्ज सिस्टर दोन दिवसांच्या सुट्टीवरून दुपारी कामावर आल्या. बावीस वर्षं त्यांनी शस्त्रक्रियेच्याच वॉर्डात काढली होती. काकांचा तक्ता त्यांनी उभ्या उभ्या वाचला. दुखण्याच्या रकान्यात शून्य, शून्य, शून्य. औषधाच्या जागी डॉक्टरांची सूचना होती, 'दुखल्यास गोळी द्यावी', आणि दुखत नाही म्हटल्यावर कालपासून कुणी ती दिलीच नव्हती. सिस्टरांनी तक्ता खाली ठेवला आणि हातातल्या घड्याळाकडे बघत मिनिटभर काकांची छाती न्याहाळली. मिनिटाला सव्वीस श्वास, तेही सगळे वरचेवर, गळ्याशीच संपणारे. बोटाला लावलेला ऑक्सिजन मोजायचा चिमटा ब्याण्णव दाखवत होता. ताप शंभरच्या थोडा वर.

"काका, एकदा खोकून दाखवा."

"मला खोकला नाहीये."

"नसू दे. माझ्यासाठी खोका."

काकांनी घशातल्या घशात एक 'खं' काढला आणि तिथंच थांबले. चेहरा पांढरा पडला, चादर मुठीत आवळली गेली.

"आता किती?"

"हे धरायचं नाही. हे तुम्ही करायला लावलंत."

"किती, काका?"

"आठ," ते म्हणाले. "पण मी खोकतच नाही ना. म्हणून शून्य."

मुलीला हसू आलं, पण सिस्टरांचा चेहरा बघून तिनं ते आवरलं.

"तुमचं म्हणणं बरोबर आहे," सिस्टर म्हणाल्या. "फक्त दोन दिवस तुमच्या फुप्फुसाचा खालचा भाग नीट उघडलेलाच नाही. तिथं कफ साचतोय. असेच पडून राहिलात तर न्यूमोनिया होईल, आणि मग या जागेवरही दुखेल."

काकांनी मुठीतली चादर सोडली.

सिस्टरांनी डॉक्टरांना फोन लावला.

"अहो, तो तर शून्य सांगतो," डॉक्टर म्हणाले.

"हलला नाही तर शून्य, खोकला की आठ. साधी गोळी दर सहा तासांनी हवी, मागो न मागो. उठवायच्या अर्धा तास आधी इंजेक्शन. आणि छातीचा एक्स-रे."

"एवढ्या औषधानं गुंगीत पडून राहिला तर?"

"मी दर तासाला बघते. झोपाळू वाटला तर लगेच कमी करू. पण दुखणं दाबल्याशिवाय तो हलणार नाही, आणि हलल्याशिवाय कफ सुटणार नाही."

डॉक्टर स्वतः आले, काकांना न हलवता कुशीला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकलं आणि सांगितलं तसं सगळं लिहून दिलं. "सकाळी मीच खोकायला लावायला हवं होतं," एवढंच ते म्हणाले.

पण घोडं अडलं ते पुढे. इंजेक्शन देऊन दहाच मिनिटं झाली होती, तेवढ्यात एक्स-रेवाल्यांचा निरोप आला, पेशंट आत्ताच्या आत्ता पाठवा. सिस्टरांनी काकांना उठून बसवलं. काका कळवळले, आणि नंतर जे बोलले ते पाट्यांवर लिहिण्यासारखं नव्हतं.

"मला हात लावायचा नाही आता," ते म्हणाले.

"नाही लावत. चूक माझी आहे. औषध लागू व्हायच्या आत उठवलं मी तुम्हाला."

सिस्टरांनी एक्स-रेवाल्यांना थांबायला सांगितलं. एक जाड उशी काकांच्या पोटावर ठेवली आणि स्टूल ओढून बाजूला बसल्या. "ही दोन्ही हातांनी टाक्यांवर दाबून धरायची. कधी उठायचं ते तुम्ही सांगायचं."

वीस मिनिटं दोघं पाट्यांबद्दल बोलले. मग बोलता बोलता काकांनी आपण होऊन उशी कवटाळली आणि खोकले. या वेळी खोकला खालून, खोलातून आला.

"चार," ते चकित होऊन म्हणाले.

"चारवर चालता येतं."

मुलीनं एका बाजूनं, सिस्टरांनी दुसऱ्या बाजूनं धरलं. काका व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेले आणि एक्स-रे करूनच परतले. फुप्फुसाच्या तळाशी थोडी छाया होती, पण न्यूमोनिया नव्हता. मुलीचा जीव भांड्यात पडला. त्या दिवसापासून गोळी घड्याळाप्रमाणे आली, आणि काका दिवसातून चारदा चालले, कुरकुरत का होईना. चौथ्या दिवशी ताप उतरला, चिमटा शहाण्णववर गेला. दुखणं पडलेलं असताना दोन, चालताना चार. सिस्टरांनी फूटपट्टी घेऊन वॉर्डातल्या प्रत्येक तक्त्यावर त्या रकान्याचे दोन भाग केले, एक पडलेलं असताना, एक खोकताना. डॉक्टरांनी ते पाहिलं आणि पुढचे तक्ते तसेच छापून आणले.

सातव्या दिवशी काका घरी जायला निघाले तेव्हा सिस्टरांनी मुलीला कागदावर वेळा लिहून दिल्या. आंघोळीच्या अर्धा तास आधी एक गोळी, दुखो न दुखो, आणि आठवडाभरानं एक-एक कमी करायची.

"आणि शिडी?" काकांनी विचारलं.

"दीड महिना शिडीचं नाव काढायचं नाही."

काकांनी विचार केला. "मग तोपर्यंत घरी बसून छोट्या पाट्या करतो. डॉक्टरांच्या, वकिलांच्या. वाकायचंही नाही त्यात." मुलीनं पिशवी उचलली, काकांनी कठड्याला धरलं आणि लिफ्टकडे न बघता जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला.