फालेमाकाकांच्या होडीतली दोरी

मी एक जुना बोया आहे, मित्रांनो, पाण्यावर तरंगणारा, होड्या बांधायचा. एके काळी मी झळझळीत पिवळा, गोलमटोल होतो! आज तुतुइला बेटावर एका नीरफणसाच्या झाडाखाली अर्धा कापलेला पडलो आहे. डुकरे माझ्यातून नारळाचा चोथा खातात.

बेटाला प्रवाळ वाचवण्यासाठी अनुदान मिळाले आणि मी आलो. समुद्राच्या तळाशी खिळा ठोकून मला दोरीने बांधले. होड्या मला बांधल्या की प्रवाळावर नांगर पडत नाही. काम एवढेच, पण थाट काय! अनुदान देणाऱ्या संस्थेच्या हॅल्वरसन साहेबांनी फीत कापली. गावप्रमुख फालेमाकाकांनी बेटाच्या रीतीप्रमाणे त्यांना बारीक विणीची चटई देऊन मान केला. ती गावातल्या सीनामावशीने विणली होती. तिचा सगळा जीव त्या प्रवाळात. वर्षातून एकदा पहाटे त्यातून पालोलो नावाचे समुद्री किडे वर येतात; ते ती जाळीने गोळा करायची आणि तळून शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटायची.

पुढे माझी दोरी विरली. ते मावशीच्याच लक्षात आले.

"फालेमा, तुझ्या होडीत नवी दोरी पडलीय ना? बांध की!"

"अगं, चटई देऊन मान केलाय त्यांचा. त्यांच्या वस्तूला परस्पर हात लावला तर गावाचं नाक कापलं जाईल!"

साहेबांना विचारले. ते म्हणाले, "थांबा जरा. अनुदान नव्या कामालाच मिळतं, दुरुस्ती त्यात बसत नाही."

पाहुण्याचा शब्द म्हणून गाव थांबले. नवे काम मात्र आले: किनाऱ्यावर भलामोठा फलक. त्यावर माझाच हसरा फोटो! इकडे माझी दोरी एकेका धाग्याने तुटत होती.

पालोलोच्या आदल्या दिवशी वारा सुटला आणि मी वाहून किनाऱ्याला लागलो. पहाटे होड्या आल्या, अंधारात मला शोधू लागल्या. मी जागेवर नाही हे कळल्यावर नांगर पडले. पहिला फालेमाकाकांचा! उजाडल्यावर वर ओढला, तर त्याच्या दातांत प्रवाळाचे तुकडे.

पुढच्या वर्षी मावशीची जाळी रिकामी आली. फालेमाकाका मान खाली घालून उभे होते.

"काय झालं रे? आण तो फलक," मावशी म्हणाली, "तळून वाटते सगळ्यांना."

मग पुन्हा अनुदान, पुन्हा पिवळा बोया, पुन्हा साहेब. काकांनी मावशीकडे मानाची चटई मागितली.

"नाही मिळायची," मावशी म्हणाली. "मान दिला की आपलेच हात बांधले जातात. साहेब, बोया ठेवायचा तर ठेवा. दोरी आमची आम्ही बदलणार."

काका होडीकडे गेले आणि दोरी घेऊन आले. तीच दोरी, मित्रांनो! माझ्या वेळीही ती तिथेच पडली होती.

नव्या वस्तूचे कौतुक जरूर करा; पण ती सांभाळायची कुणी, हेही त्याच दिवशी ठरवा. नवा बोया चार दिवसांत येतो. प्रवाळ कुठल्याच अनुदानातून विकत मिळत नाही. मावशी अजून दरवर्षी जाळी घेऊन जाते, आणि ती रिकामीच घेऊन परतताना माझ्याकडे बघतसुद्धा नाही.